मथुराबायची निर्जळी

पिंपळकोंडातल्या मथुरा मांडवकर या बाईबद्दल एकच गोष्ट सांगायची झाली, तर ती ही की दुसऱ्याच्या तव्यावरची भाकरी तिला कायम आपल्यापेक्षा जास्त फुगलेली दिसायची. शेजारणीच्या वेलीला पडवळ आधी धरलं की हिचा दिवस खराब. कोणाच्या सुनेने मुंबईहून नवा डबा आणला तर तो वाजवून, ‘पत्रा पातळ हाय गो,’ असं म्हटल्याशिवाय तिला घास उतरत नसे. तशी बाई कष्टाची. लावणीला तिच्या बरोबरीने वाकायला तरण्या पोरी धजत नसत, अडीनडीला रात्र असो की पाऊस, ती धावून यायची. पण जळकी ती जळकीच. गावाला ते ठाऊक होतं आणि गावाने ते चालवून घेतलं होतं, कारण वर्षातला एक दिवस मथुराबाय देवीचं माणूस व्हायची.

पिंपळकोंड संगमेश्वर तालुक्यात, सह्याद्रीच्या अगदी पायाशी. देवरुखहून येणारी एसटी इथे वळून परत जाते, कारण पुढे रस्ता नाही, डोंगरच आहे. त्या डोंगराच्या माथ्यावर वाघजाईचं मूळस्थान. खाली गावात देवीचं कौलारू देऊळ आहे, पण चैत्री पुनवेला एक सवाशीण माथ्यावर जाऊन देवीची ओटी भरते आणि ती खाली आल्याशिवाय जत्रेचा नारळ फुटत नाही. हा मान मांडवकरांच्या थोरल्या सुनेचा. वाट अवघड. आधी रानातली दमवणारी चढण, मग खिंड, खिंडीच्या पुढे तापलेला उघडा कातळ आणि शेवटी कड्यात ठोकलेली साखळी धरून चढायचा टप्पा. तिथे पाय सुटला तर अडवायला खाली करवंदीच्या जाळ्या आहेत, पण त्या फार खाली आहेत. आणि ओटीवालीने हे सगळं निर्जळी करायचं. घरातून निघताना चूळ भरायची, त्यानंतर ओटी भरून होईपर्यंत पाण्याचा थेंब नाही. संध्याकाळी देवळात गावकर, म्हणजे गावाचा पहिला मानकरी, सगळ्यांसमोर विचारतो, ‘‘बाय, वाटेत तोंड ओलं केलंस काय?’’ तिने ‘नाय’ म्हटलं की मग नारळ.

सासू थकल्यापासून हे ‘नाय’ मथुरा म्हणत आली होती. चैत्रातलं ऊन, बरोबरचे बापये बाटल्या तोंडाला लावतायत, आणि ही आपली डोक्यावर पदर, कडेला ओटीची परडी, ओठ मिटलेले. मुंबईहून आलेले चाकरमानी तिच्या पाया पडायचे. आया पोरींना सांगायच्या, मथुराबायसारखं व्हावं. त्या एका दिवसाच्या मोठेपणावर ती उरलेलं वर्ष काढायची आणि तेवढ्यावर तिचं बरं चाललं होतं.

मग गेल्या साली साखळीवरून एकजण घसरला. जाळ्यांपर्यंत गेला नाही, मध्येच एका कपारीत अडकला म्हणून वाचला. पाय मोडला आणि घोंगडीची डोली करून त्याला उतरवताना सगळ्या गावाचा घाम निघाला. गावच्या मुंबईकर चाकरमान्यांच्या मंडळाने ठरवलं, यापुढे तयारी केल्याशिवाय माथ्यावर कोणी जायचं नाही. रत्नागिरीहून स्वरूप नावाचा गिर्यारोहण शिकवणारा तरुण बोलावला. अंगाने किडकिडीत, चष्मेवाला, हळू बोलणारा. त्याने दोर आणले, हेल्मेटं आणली, साखळीच्या खुंट्या हलवून हलवून तपासल्या, दोन नव्या ठोकून घेतल्या. मग शाळेच्या पडवीत माथ्यावर जाणाऱ्या सगळ्यांना पायरी चढ-उतर करायला लावली आणि उपकेंद्राची नर्स नम्रता एकेकाची नाडी आणि रक्तदाब बघत बसली.

मथुराच्या दंडाला पट्टा बांधला, सोडला, पुन्हा बांधला. नम्रताने स्वरूपकडे बघितलं. रक्तदाब फार वाढलेला होता, दोन दिवसांनी डॉक्टरांनीही तेच सांगितलं.

‘‘काकू, गोळी सुरू करा, पुढच्या वर्षी बघू,’’ स्वरूप म्हणाला. ‘‘यंदा खिंडीपर्यंत या. कड्यावर नको.’’

‘‘मी हा डोंगर तुझ्या जन्माच्या आधीपासून चढतंय,’’ मथुरा म्हणाली.

‘‘म्हणूनच पुढेही चढायला पाहिजे तुम्ही,’’ तो म्हणाला. तो हे मनापासून म्हणाला होता, आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

थोरली नाही तर धाकटी. धाकटी जाऊ म्हणजे विमला. नवरा बाळा मुंबईत गोदामात कामाला. ही बरीच वर्षं विरारला राहून, सासऱ्यांच्या आजारपणात गावी आली आणि इथेच राहिली. गोरी नाही, देखणी नाही, भांडखोरही नाही. भांडखोर असती तर मथुराला सोपं गेलं असतं. पण असा मान आपल्या मनाने बदलता येत नाही, देवीला विचारावं लागतं. गुरवाने गाऱ्हाणं घातलं आणि देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलं लावली. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. सगळं देऊळ हात जोडून उभं होतं. मथुराही हात जोडून होती आणि डाव्या फुलाकडे डोळे लावून, पड गो, पड, असं मनातल्या मनात त्याला विनवत होती. डावं फूल हललं. मग उजवं पडलं.

त्या दिवसापासून मथुराच्या पोटात जी आग लागली ती कशानेच विझेना. विमला पहाटे पाठीवर पिशवी अडकवून पाण्याच्या टाकीपर्यंतची चढण चढायची, उतरायची, पुन्हा चढायची. पिशवीत भरलेल्या बाटल्या, रोज थोड्या वाढवलेल्या. पायांत बूट. नवे बूट त्या दिवशी एकदम घातले तर फोड येतात, म्हणून शेताच्या बांधावरूनसुद्धा ती लुगडं खोचून बुटातच हिंडायची. मथुरा परसात गोवऱ्या थापता थापता हे बघायची.

‘‘बूट घालून देवीकडं जातंस?’’

‘‘साखळीच्या वर काढून ठेवणार, ताई. सरांनाही सांगितलंय.’’

सर. दिवसभर सर. सरांनी सांगितलंय दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून ओटीची परडी पाठीला बांधायची. सरांनी सांगितलंय वर पोचायला उशीर झाला तर जिथे असू तिथून मागे फिरायचं. एकदा तर स्वरूपने सगळ्यांसमोर विमलाला साखळीच्या टप्प्यावर पाय कसा टाकायचा ते करून दाखवायला लावलं आणि, ‘‘बघा, काकूंसारखं,’’ असं म्हणाला. काकू म्हणजे विमला. मथुरा तिथेच बसली होती. घरी येऊन तिने नवऱ्याचं, काशीरामचं, जेवण असं आदळलं की आमटी चुलीपर्यंत उडाली.

‘‘तिचा काय दोष गो?’’ काशीराम म्हणाला.

‘‘मी काय बोल्ले काय?’’ मथुरा म्हणाली आणि पुढचे दोन दिवस काहीच बोलली नाही.

आता या सगळ्या तयारीत एक मोठी फट राहिली होती. स्वरूप प्रत्येक सरावात सांगायचा, तहान लागायच्या आधी पाणी प्या, डोकं दुखलं किंवा मळमळलं तर लगेच थांबा. लोक मान डोलवायचे. पण ओटीवाली निर्जळी जाते हे त्याला कोणी सांगितलंच नाही. हेल्मेट देवीला चालेल की नाही यावर सबंध दुपार वाद घालणाऱ्या गावाने ही गोष्ट मुद्दाम लपवली असं नाही. देवाचं परक्याजवळ बोलायचं नाही ही सवय होतीच. पण खरं म्हणजे त्यात काही धोका असेल असं कोणाच्या मनातच आलं नाही. मथुराबाय दरसाल जात होती, दरसाल धडधाकट परत येत होती. मग काय सांगायचं?

आणि मथुराबाय दरसाल पाणी पीत होती.

पहिली दोन वर्षं खरोखर कोरडी गेली ती. तिसऱ्या वर्षी खिंडीत तिच्या डोळ्यांपुढे काळोख आला. लुगडं सारखं करते असं सांगून ती मोठ्या दगडाआड गेली. तिथे पाचोळ्याखाली एक झरा आहे, चैत्रातही ओंजळभर पाणी धरून असतो. ते पाणी ती प्याली, तोंड पुसून वर गेली. संध्याकाळी देवळात गावकराने विचारलं तेव्हा ती ‘नाय’ म्हणाली आणि मनात म्हणाली, आई, तुला म्हाईत हाय. देवी काही बोलली नाही. पुढच्या वर्षी तिने झऱ्याजवळ एक करवंटी दडवून ठेवली. तेव्हापासून दरवर्षी खिंडीत मथुराबायचं लुगडं सुटायचं आणि बापये अदबीने पाठ फिरवून उभे राहायचे.

विमला मात्र विचारायला आली होती. ‘‘ताई, तुम्ही कसं निभावता हो? मला घरात बसून पण घसा कोरडा पडतो.’’

तेव्हा सांगता आलं असतं. दोघीच होत्या, सुपात काजू होते, हाताला तेल लावून सोलत होत्या. मथुराने एक बी नीट सोलली आणि म्हणाली, ‘‘मन घट्ट लागतं. शहरात राहिलेल्याला जरा जड जाईल.’’

विमलाने मान हलवली. त्या दिवसापासून ती सरावातही कोरडी जाऊ लागली, म्हणजे सवय होईल. स्वरूपने विचारलं की बाटली दाखवायची. बाटलीतलं पाणी ती वाटेत झाडाला घालायची.

शेवटच्या सरावाला मथुरा खिंडीपर्यंत गेली. विमला आली ती वाटेच्या जरा बाजूने, पाय घासत. दगडावर टेकली, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाली, ‘‘ताई, माझी पिशवी कुठे राहिली?’’ पिशवी तिच्या पाठीला होती. मथुराने ते बघितलं. स्वरूप पुढे दोर बांधत होता, त्याने तिथूनच हाक मारून विचारलं, ‘‘काकू, पाणी घेताय ना?’’ विमलाने रिकामी बाटली वर करून दाखवली. मथुरा गप्प बसली. आणि खोटं कशाला सांगा, तिला बरं वाटलं. गेल्या महिन्याभरात पहिल्यांदा तिच्या पोटातली आग जरा निवली. हिला नाही जमणार. खिंडीतून परत पाठवतील, गाव म्हणेल, मथुरा ती मथुरा. हा विचार ती घरी येईपर्यंत खडीसाखरेसारखा चघळत होती.

पुनवेच्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी, झुंजुमुंजू असतानाच निघाली आणि दम खात खात खिंडीत जाऊन बसली. गोळी घेतली होती, नम्रताने दिलेली पाण्याची बाटली बरोबर होती. ऊन चढलं तशी माणसं दिसायला लागली. पुढे स्वरूप, मग दोर घेतलेले चार पोरगे, मध्ये विमला. हिरवं लुगडं, पाठीला परडी, ओठांवर पांढरी साय धरलेली. घाम मात्र नव्हता. एवढं चढून आलेल्या माणसाच्या अंगावर घाम नाही, हे मथुराच्या ध्यानात आलं.

‘‘जरा बसा सगळे,’’ स्वरूप म्हणाला. ‘‘मग हेल्मेट.’’

विमला बसली नाही. तिने उभ्यानेच हेल्मेट डोक्यावर ठेवलं आणि पट्टा लावायला लागली. पट्टा लागेना. बोटं त्या कडीच्या आजूबाजूला नुसती फिरत होती. इतके दिवस ती ही कडी न बघता लावायची. मथुराने वर बघितलं. कातळ पांढरा पडला होता आणि त्याच्या टोकाला ती साखळी, काळी, बारीक. या हातांनी ही साखळी धरणार. तिच्या मनाने इतके दिवस विमलाला खिंडीतून परत पाठवलं होतं. साखळीपर्यंत कधी जाऊच दिलं नव्हतं. पण विमला खिंडीतून परत फिरणारी बाई नव्हती, हे तिला ठाऊक होतं, आणि पहिल्यापासून ठाऊक होतं.

ती उठली. विमलाचं मनगट धरलं. ‘‘हिचं लुगडं सुटलंय,’’ ती बापयांना म्हणाली. सगळ्यांनी पाठ फिरवली.

दगडाआड नेऊन तिने पाचोळा बाजूला केला. कपारीत हात घातला, करवंटी काढली, भरली आणि विमलाच्या तोंडापुढे धरली. ‘‘पी.’’

‘‘काय करताय ताई? ओटी भरायची हाय.’’

‘‘पी म्हणतंय ना.’’

‘‘तुम्ही इतकी वर्षं कोरड्या जाताय आणि मी एक दिवस…’’ विमला बोलता बोलता थांबली. तिची नजर करवंटीवर गेली होती. कडा हाताळून हाताळून गुळगुळीत झालेली जुनी करवंटी, दगडाआडच्या कपारीत, झऱ्याच्या उशाशी. ‘‘ही कोणाची?’’

मथुराला वाटलं, अजूनही सांगता येईल, गुराख्याची असेल. ‘‘माझी,’’ ती म्हणाली.

विमलाने तिच्याकडे बघितलं. रागावलीही नाही, हसलीही नाही. मग करवंटी घेतली आणि प्याली. पुन्हा भरून प्याली. मथुराने आपला पदर भिजवून तिच्या मानेवर ठेवला, डोकं गार केलं, नम्रताची बाटली तिच्या पिशवीत कोंबली. बराच वेळ लागला. पलीकडून स्वरूपने दोनदा हाक मारली. विमलाच्या बोटांना कडी सापडेपर्यंत मथुराने तिला उठू दिलं नाही.

‘‘कोणाला बोलू नको,’’ शेवटी ती म्हणाली. ‘‘संध्याकाळी गावकर विचारील, नाय म्हण. एवढंच असतं ते.’’

विमलाने हेल्मेटचा पट्टा लावला आणि ती वर निघाली. मथुरा खिंडीत उन्हात उभी राहून त्या हिरव्या ठिपक्याकडे बघत राहिली. साखळीवर तो थांबला, हलला, एक एक पाय टाकत वर गेला आणि दिसेनासा झाला. तेव्हा कुठे ती खाली बसली.

संध्याकाळी देऊळ माणसांनी भरलं होतं. ढोल थांबले. विमला न्हाऊन आली होती, चेहरा उन्हाने रापलेला. गावकर बाबल्या काठी टेकत पुढे झाला.

‘‘बाय, वाटेत तोंड ओलं केलंस काय?’’

‘‘केलं,’’ विमला म्हणाली. ‘‘खिंडीत पाणी प्याले. चक्कर येत होती. साखळीवर गेले असते तर पडले असते.’’

पाठीमागे कोणाच्या तरी हातातली झांज वाजली तेवढीच. दाराशी उभ्या असलेल्या स्वरूपने शेजारच्याला विचारलं की पाणी प्यायलं त्यात काय झालं, आणि शेजारच्याने त्याच्या कानाशी लागून सांगितलं, तेव्हा त्याचा चेहरा उतरला. गुरव हातातल्या नारळाकडे बघत राहिला. मग बायकांत कुजबुज सुरू झाली आणि वाढत गेली. मुंबईत राहून अंग मऊ झालेलं. एवढे बूट, एवढा सराव, काय उपयोग? मथुराबायची सर कोणाला यायची नाय. ‘‘इतकी वर्षं गेली बिचारी, कधी ओठ ओले केले नाय,’’ असं एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, आणि सगळ्या माना मथुराकडे वळल्या.

महिनाभर जे मागितलं होतं ते सगळं एकदम पदरात पडलं होतं. मथुराने ते घेतलंही. एक श्वासभर तिला इतकं गोड वाटलं की डोळे मिटावेत. मग तिने विमलाकडे बघितलं. वाटलं, ही आता आपल्याकडे बघणार. एक नजर पुरे होती, सगळ्या देवळाला कळलं असतं. विमला बघत नव्हती. ती देवीकडे तोंड करून, हात बाजूला सोडून उभी होती, बोलणी अंगावर घेत, आणि तिच्या खांद्यावर कसलंच ओझं दिसत नव्हतं. जे मथुराला इतक्या पुनवांत एकदाही जमलं नव्हतं, ते हिने पहिल्याच वर्षी, पहिल्याच दमात केलं होतं. शिवाय वर दुसऱ्याला झाकूनही घेतलं होतं.

मथुराच्या पोटात आग पेटली. बूट, सर, साखळी, कशाने पेटली नव्हती अशी.

‘‘तिला बोलू नका,’’ ती उभी राहून म्हणाली. ‘‘मीच पाजलं तिला. आणि मी पण काय कोरडी जायची नाय. खिंडीत झरा हाय, तिथं माझी करवंटी हाय. दरसाल पोटभर प्यायचे मी.’’

‘‘आणि दरसाल नाय म्हणालीस ती?’’ बाबल्याने विचारलं.

‘‘खोटं बोल्ले.’’

विमलाने आता मान वळवून तिच्याकडे बघितलं. त्या वेळी मथुराच्या मनात जावेबद्दल माया दाटून आली असेल असं कोणाला वाटत असेल, तर तसं काही नव्हतं. तिची नजर पडताच मथुराने हनुवटी जरा वर केली. ती तेव्हाही जळतच होती. देवळात उभं राहून खरं बोलायचा मान एकट्या धाकटीकडे जावा, हे तिला सोसलं नाही, एवढंच.